भुशावर चालणारी मोटार

आमची मोटार धानाच्या भुशावर चालायची. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा माझ्याकडे, म्हातारीचं डोकं फिरलं अशा नजरेनं बघतो. बघू द्या. मोटारीच्या पोटात बॅटऱ्या होत्या. बॅटऱ्यांना वीज लागायची, ती आमच्या धानाच्या गिरणीतल्या डायनामोवर तयार व्हायची. डायनामो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा, इंजिन बॉयलरच्या वाफेवर, आणि बॉयलरच्या भट्टीत जायचा तो गिरणीतूनच निघालेला भुसा. गोंदियाच्या लोकांनी भात खाल्ला की माझी मोटार चालली, इतका सरळ हिशेब होता. तरीही लोक विचारतातच, पेट्रोल किती खायची हो?

ती माझ्या यजमानांनी कलकत्त्याहून आणली. तिकडच्या कुठल्याशा साहेबाच्या बायकोची होती, जुनी झाली म्हणून विकायला काढलेली. रेल्वेच्या उघड्या डब्यावरून ती गोंदियाच्या मालधक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्याभोवती बाजारच भरला होता. गोल चाक नव्हतं, वळवायला आडवा दांडा होता. समोर हँडल मारायची जागा नव्हती. आवाज तर नव्हताच. टांगेवाले तिला बिनघोड्याचा टांगा म्हणत आणि आपल्याच विनोदावर खो खो हसत. आवाज नसल्यामुळे बकऱ्या, म्हशी आणि माणसं कुणीच रस्त्यातून हटायचं नाही, म्हणून यजमानांनी पायाशी एक पितळी घंटा बसवून घेतली होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दांड्याशी बसवलं. "इले हँडल माराचं काम नाही. तुले जमते," म्हणाले. आणि खरंच जमलं. धावत्या बैलांपेक्षा थोड्याशा जास्त वेगानं, चार मैल जाऊन चार मैल परत, अशा पाचसहा खेपा एकदा भरल्यावर मारायची तिची ताकद होती. मला तेवढी पुष्कळ होती, कारण कुडव्याच्या पलीकडे आमची जी धानाची शेती होती ती बरोबर चार मैलांवर होती.

बॅटरी सांभाळणं हे मात्र लहान मूल सांभाळण्याइतकं कटकटीचं. एकूण चाळीस डबे. प्रत्येकाचं झाकण उघडायचं, आतल्या पट्ट्या पाण्याखाली आहेत का बघायचं, काचेच्या नळीत तेजाब ओढून त्यातला तरंगता काटा किती वर येतो ते पाहायचं. काटा वर आला तर डबा भरला, तळाशी बसला तर डबा उपाशी. वरून घालायचं पाणी विहिरीचं चालत नसे, पावसाचं लागे. अंगणात चार खुंट्यांना स्वच्छ धोतर ताणायचं, मधोमध धुतलेला दगड ठेवायचा आणि खाली चिनी मातीची बरणी. वर्षाचं पाणी असं जमायचं. तेजाबाचे थेंब उडून माझ्या सगळ्या लुगड्यांना बारीक भोकं पडली होती. बाजारात बायका त्या भोकांकडे पाहायच्या आणि मी पदर फिरवून ती झाकायचे नाही. कामाची भोकं होती, चोरीची नव्हती.

त्या चाळीस डब्यांतला एक कायमचा आजारी होता. पहिल्या दसऱ्याला मोटारीची पूजा झाली, झाकणं उघडीच होती, आणि माझ्या जाऊबाईंनी मोठ्या भक्तीनं एका डब्यात तांब्याच्या लोटीतलं गंगाजल ओतलं. यजमानांनी कपाळाला हात लावला, पण थोरल्या वहिनीला बोलणार कोण? त्या दिवसापासून त्याचं नाव गंगाजलाचा डबा. बाकीचे एकोणचाळीस भरून उकळायला लागले तरी हा आपला तासभर मागे असायचा.

आता भासऱ्यांबद्दल सांगायला हवं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासरा आणि भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, एकमेकांशी बोलत नाहीत, एका बाजेवर बसत नाहीत, एकमेकांना चुकूनही शिवत नाहीत. भासरे घरात शिरताना आधी खाकरायचे. ते खाकरणं कानावर आलं की मी हातातलं काम टाकायचे, पदर ओढायचे आणि बाजूला व्हायचे, तोंड भिंतीकडे करून. ते निघून जाईपर्यंत भिंत बघायची. पंधरा वर्षं मी त्या घरातली भिंत इतकी पाहिली की तिच्यातल्या प्रत्येक पोपड्याची मला ओळख झाली होती. काही सांगायचंच असलं तर जाऊबाई मध्ये असायच्या. त्या नसल्या तर भासरे खांबाकडे बघून बोलायचे आणि मी त्याच खांबाला उत्तर द्यायचे.

यजमान हिवाळ्यात तापानं गेले. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, मला अजून ते लिहिता येत नाही.

तेव्हा लढाई चालू होती. पेट्रोल चिठ्ठीवर झालं होतं आणि गावातल्या शेठ लोकांच्या मोठमोठ्या मोटारी विटांवर चढून, ताडपत्री पांघरून बसल्या होत्या. एकदोघांनी पेट्रोलऐवजी गॅस करायला मागे कोळशाची शेगडी लावून घेतली होती. त्यांची मोटार निघाली की अर्धं गाव खोकायचं. माझी मात्र निवांत चालली होती. एक विधवा बाई, डोक्यावर पदर, हातात दांडा, पायाशी घंटा. लोकांना ते बघवत नव्हतं. माझ्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून ते भासऱ्यांजवळ बोलत.

मी शेतावर का जात होते ते सांगते. शेत यजमानांच्या नावचं, त्यांच्यामागं माझं. त्याला लागूनच भासऱ्यांचं शेत, थोडं उतारावर. आषाढात धानाची रोवणी झाली आणि आठ दिवसांनी मी न सांगता गेले, तर माझ्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, बांध हातभर फोडलेला आणि माझं पाणी खळखळत भासऱ्यांच्या बांधीत चाललेलं. त्यांचा दिवाणजी तिथंच उभा होता. "उंदरानं फोडला असन जी," म्हणाला. उंदीर फावड्यानं बांध फोडतो हे मला त्या दिवशी कळलं. मी चिखलात उतरून, मूठमूठ माती लावून तो बांध बुजवला. त्यानंतर दर चार दिवसांनी जात राहिले. बैलगाडी घरची होती, पण ती भासऱ्यांच्या शब्दावर जुंपली जायची. आणि विधवा सून चार मैल पायी निघाली असती तर अर्ध्या रस्त्यातून धरून आणली असती. मोटार तेवढी एकच गोष्ट त्या घरात अशी होती, की जी कुणाला विचारत नव्हती. मोटार थांबली की धानाचं पाणी गेलं, आणि पाणी गेलं की शेत नुसतं नावाला माझं.

आणि मोटार थांबणारच होती. धान संपलं की पावसाळ्यात गिरणी बंद पडते, इंजिन गार होतं ते दिवाळीपर्यंत. यजमान असताना पंधरा दिवसांतून एकदा मुद्दाम भट्टी पेटवून बॅटऱ्या भरून घेत. भुसा काय, गिरणीच्या मागं डोंगर होता. या वर्षी श्रावण लागला तरी भट्टी पेटली नव्हती. एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले, भासरे ओसरीवर पान लावत बसले होते, आणि जाऊबाई नेहमीप्रमाणे मधल्या उंबऱ्यावर.

"तिले सांग, श्रावनात इंजिन पेटत नाही," भासरे म्हणाले.

"धाकटे, ते म्हनून राहिले, श्रावनात इंजिन पेटत नाही," जाऊबाई म्हणाल्या. मला सगळं ऐकू येत होतं, पण रीत म्हणजे रीत.

"त्यायले सांगा बाई, मागच्या श्रावनात पेटलं होतं. त्याच्या मागच्याही श्रावनात."

"तवा माझा भाऊ होता."

हे वाक्य जाऊबाईंनी पुढे पोचवलं नाही.

"अर्धी गिरनी माझी आहे म्हना," मी म्हटलं.

"मंग अर्ध्या डायनामोवर भरून घे म्हना," भासरे म्हणाले, आणि विडा तोंडात टाकून उठले.

ओसरीवरचे दोन गडी हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि मला वाटलं, या भिंतीवरच डोकं आपटून घ्यावं. त्यापेक्षा गिरणीत जावं हे बरं, असं मग ठरवलं.

गिरणीचा मिस्त्री छत्तीसगडकडचा, वयस्कर माणूस. बंद इंजिनालाही दर आठवड्याला तेल देऊन जायचा, त्यामुळे किल्ली त्याच्याजवळ होती. त्यानं चढाखाली उभ्या केलेल्या मोटारीतल्या एका डब्यात वाकून पाहिलं आणि मान हलवली. "बाईजी, प्लेट सफेद हो रही है. और एक महीना ऐसाच गया, तो पत्थर समझो. फिर मेरे हाथ में कुछ नहीं."

"मिस्त्री, भट्टी पेटवून द्या."

"नौकरी जाएगी, बाईजी."

त्याचं खरं होतं, घरी खाणारी तोंडं सात. मग मी त्याला म्हटलं, "तुम्ही भट्टीले हात नोका लावू. भिंतीकडं तोंड करून बसा. भिंतीले सांगा, आधी का कराचं, मंग का कराचं. आमी आयकून घेऊ." मिस्त्रीच्या मिशा हलल्या. आमच्या घरातली भासऱ्या-भावसुनेची रीत त्याला पुरती माहीत होती.

हात कुणाचे, तर गिरणीत धान पाखडणाऱ्या आणि वाळवणाऱ्या बायांचे. पावसाळ्यात त्या बिनकामाच्या असायच्या. कुडव्याला जाऊन मी पाचजणींना सांगितलं. त्यांतली एक उंच, दणकट बाई, भुशाच्या टोपल्या उचलण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती, ती म्हणाली, "कायले भेता जी बाई? भुसा का भासऱ्याच्या बापाचा होय?" होता बापाचाच, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पण तेव्हा मी ती दुरुस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता मोटार बाहेर काढली. बॅटरीत उरलेल्या जिवावर ती गिरणीच्या चढापर्यंत आली आणि तिथं बसली. वर बायांनी ढकलत नेली. मिस्त्री पालथ्या टोपल्यावर, भिंतीकडे तोंड करून बसला आणि भिंतीला आज्ञा द्यायला लागला. आधी लाकूड लावा. आता भुसा सोडा, थोडा थोडा. पानी देखो, काँच में पानी देखो! आम्ही पाणी पाहत होतो. दोन-अडीच तासांनी वाफ आली. गिरणीचे बाकीचे सगळे पट्टे उतरवून ठेवले होते, एकच डायनामोचा चढवला. इंजिन एकदा कण्हलं, मग फिरायला लागलं, आणि त्या पाचही बायांनी आनंदानं किंकाळी फोडली.

तारा जोडायचं काम माझं. दोन जाड तारा, त्यांतली एक चुकीच्या बाजूला लागली तर सगळं मुसळ केरात. म्हणून यजमानांनी धन बाजूच्या तारेला खूण म्हणून लाल चिंधी बांधून ठेवली होती, माझ्याच जुन्या लुगड्याच्या काठाची. त्या दिवशी ती हातात आली आणि मी ती बोटाला गुंडाळून पाहिली. माझ्या अंगावर आता लाल काही राहिलं नव्हतं, तेवढीच ती चिंधी. मी रडले. मग डोळे पुसून तार जोडली, कारण वाफ वाया चालली होती.

धुराड्यातून धूर निघाल्यावर भासऱ्यांना कळायला कितीसा वेळ लागणार! दहाच्या सुमाराला ते छत्री घेऊन आले. इंजिनघराला दार एकच. मी आधीच त्या दारात बाज आडवी टाकून तिच्यावर बसले होते.

ते आले आणि खाकरले.

माझं अंग आपोआप उठायला निघालं, हे कबूल करते. पंधरा वर्षांची सवय होती. मी दोन्ही हातांनी बाजेची माचवी धरली आणि बसून राहिले. पदर मात्र नीट ओढून घेतला.

ते पुन्हा खाकरले, मोठ्यानं. तिसऱ्यांदा खाकरताना त्यांना खराच खोकला आला. मग त्यांच्या ध्यानात आलं की ही उठत नाही, आणि मी उठले नाही तर त्यांना आत येता येत नाही. माझ्या अंगाला अंग घासल्याशिवाय वाट नव्हती आणि भावसुनेला शिवलेला भासरा गावात तोंड दाखवू शकला नसता.

"बाया हो, तिले बाजूले करा," ते म्हणाले.

"आमचे हात भुशाचे आहेत जी," उंच बाई आतून म्हणाली.

"मिस्त्री!"

मिस्त्री भिंतीकडे बघत होता. त्या दिवशी त्या भिंतीला फार काम पडलं.

शेवटी भासरे पडवीच्या खांबाकडे वळले. "लोक का म्हनतीन? घरानं रीत सोडली म्हनतीन."

मग मीही खांबाला म्हटलं, "खांबा, सांग त्यायले. मी रीतीनंच वागून राहिली. भासऱ्याच्या तोंडाले तोंड देत नाही, अंगाले अंग लागू देत नाही. रीत मोडाची असन, तर त्यायनं यावं आंदर."

आतल्या बाया हसल्या नाहीत, त्यांची तेवढी हिंमत झाली नसावी. पण भुशाच्या टोपल्या जरा जोरात आपटायला लागल्या. भासऱ्यांनी गड्याला बोलावलं. गडी आला, मालकीण दारात बसलेली पाहिली आणि बैलांना पाणी दाखवायचं आठवून निघून गेला. भासरे समोरच्या, पोती तोलायच्या काट्याच्या छपरीत जाऊन उभे राहिले. पाऊस सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. दुपारी जाऊबाईंनी एका गड्याच्या डोक्यावर भाताचं टोपलं पाठवलं. त्यात सात माणसांचं जेवण होतं, पाच बायांचं, मिस्त्रीचं आणि माझं. त्यात भासऱ्यांचं नव्हतं. जाऊबाईंनी त्यांचं घरी वाढून ठेवलं होतं आणि तसा निरोपही धाडला होता. ते जेवायला गेले नाहीत.

डबे चारच्या सुमाराला उकळायला लागले. आंबट, नाकाला झोंबणारा वास पसरला. मिस्त्री भिंतीला म्हणाला की आता पुरे करा, पण मी नळी घेऊन एकेका डब्यात बुडवली आणि गंगाजलाच्या डब्यात काटा अजून अर्ध्यावरच होता. म्हटलं, याचं भरल्याशिवाय मी उठत नाही. आणखी दीड तास लागला. मग त्यानंही बुडबुडे काढले आणि काटा सावकाश खुणेपर्यंत आला. मी ती नळी सगळ्या बायांना दाखवली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, तरी प्रत्येकीनं नीट वाकून पाहिली.

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते. त्या पावसाळ्यात भट्टी दर पंधरवड्याला पेटली. मिस्त्रीची नोकरी गेली नाही, कारण त्यानं भट्टीला हात लावला होता असं सांगणारं कुणी नव्हतं, आणि भिंत बोलणार नव्हती. उंदरांनी माझा बांध पुन्हा फोडला नाही. मोटार आणखी काही वर्षं चालली. पण एवढं सगळं लिहायला मी बसले ती एका संध्याकाळसाठी, त्याच दिवसाच्या.

साडेपाच-सहा झाले असतील. पाऊस थांबून उजेड पडला होता. भट्टी विझवली, तारा सोडल्या, लाल चिंधी पुसून जागेवर ठेवली. बाज बाजूला केली तेव्हा समोर पाहिलं, तर छपरीत भासरे नव्हते. मी मोटारीचं टप मागं टाकलं आणि घराकडे निघाले. गिरणीपासून घरापर्यंत मैलभर मुरमाची अरुंद सडक, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या नाल्या. मुरूम ओला असल्यामुळे चाकांचासुद्धा आवाज येत नव्हता.

वळणावर भासरे दिसले. सडकेच्या मधोमध, एकटे, मिटलेली छत्री टेकत घरी चालले होते. दिवसभर उपाशी उभं राहिलेला माणूस चालतो तसे, सावकाश. मी मागं आलेय हे त्यांना कळलं नव्हतं. मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण बांधातून वाहून जाणारं पाणीही आठवलं, आणि ओसरीवरचं ते हसणंही.

घंटा वाजवायला मी पाय उचलला, आणि तसाच धरला. पदर डोक्यावरून पुढं ओढला, मोटार त्यांच्या पाठीपासून चार हातांवर आणली, आणि खाकरले.

भासरे थांबले. वळून पाहिलं नाही. मग ते सडकेच्या कडेला सरकले, तोंड नालीकडे केलं आणि मी निघून जाईपर्यंत तसेच उभे राहिले.